कोणाची गं तू?

आमच्या गावात नवा माणूस दिसला की त्याला कुणी नाव विचारत नाही. नावाचा उपयोगच नाही. निम्मं गाव लोपीस, उरलेलं डाबरे. बाप्तिस्म्याला आजी-आजोबांचंच नाव पुन्हा ठेवायची रीत, त्यामुळे विहिरीवर उभं राहून 'अँजेलिना' अशी हाक मारलीत तर तिघी-चौघी वळून बघतील. म्हणून आमच्याकडे विचारतात, "कोणाची गं तू?" आणि उत्तरात घराचं नाव सांगायचं. तळ्यावाल्यांची, सुतारांची, वडाखालच्यांची. आमचं घर घंटेवाल्यांचं. माझ्या आज्याचा बाप चर्चची घंटा वाजवायचा. आता घंटा बटण दाबून वाजते, पण आम्ही घंटेवालेच राहिलो.

उन्नतीला हा प्रश्न आल्याच्या दिवशीच विचारला गेला. मी तिला वाण्याकडे मीठ आणायला पाठवलं होतं आणि वाट चुकेल म्हणून मागोमाग स्वतःच गेलो होतो. चौदा वर्षांची पोर, घट्ट वेणी, हनुवटी वर. दुकानाच्या बाकड्यावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "कोणाची गं तू?"

ती म्हणाली, "मी? मी महापालिकेची."

बाकडं खदखदून हसलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मास्तरांकडे, म्हणजे माझ्याकडे, महापालिकेची पोर आलीय म्हणून लोक मुद्दाम कुंपणाशी डोकावून गेले. मी घरी येऊन हा किस्सा सांगितला तेव्हा अँजेलिना, म्हणजे माझी बायको, हसली नाही. आत जाऊन कांदे चिरत बसली. त्या दिवशी जेवणात कांदा नव्हता.

हे सगळं तिचंच खूळ. एका रविवारी मिस्सा संपल्यावर फादरनी घोषणा केली की महापालिकेनं एक नवी योजना सुरू केली आहे. ज्या मुलांना स्वतःच्या घरात धोका आहे, जी शाळा सोडून रस्त्याला लागायच्या बेतात आहेत, अशा मोठ्या मुलांना काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवायचं. दत्तक नाही, हे फादरनी दोनदा सांगितलं. आईबापांची घडी बसली की मूल परत जाणार. मी मनात म्हटलं, उत्तम योजना आहे, ज्याला हौस असेल त्यानं बघावं. मी सगळी नोकरी दुसऱ्यांची पोरं सांभाळण्यात घालवलेली, आता केळी सांभाळीत होतो. केळी उलट उत्तर देत नाहीत.

पण घरी येईपर्यंत अँजेलिनाचं ठरलं होतं. आमचा ॲल्रॉय कॅनडाला गेल्यापासून ती घरात अशी वावरायची, जशी पाहुणे निघून गेल्यावर बाई खुर्च्या लावत फिरते. आणि मुलगी तर तिला पहिल्यापासून हवी होती. मी चिडलो, ओरडलो, जेवलो नाही. मग जेवलो, आणि तिच्याबरोबर महापालिकेच्या सभागृहात शिकवणीला जाऊन बसलो. तिथं स्वप्ना नावाची समुपदेशक होती, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. ती म्हणाली, "लहान बाळ सगळ्यांनाच हवं असतं, सर. चौदा वर्षांची मुलगी कोणालाच नको असते." मी म्हटलं, "हे तुम्ही मला सांगू नका." पण अर्जावर सही केली.

उन्नतीचं घर फुलपाड्याला होतं. बाप दारू पिऊन मारायचा. एकदा त्यानं तिच्या आईला असं मारलं की तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि बाप जो पळाला तो परत आला नाही. खोली गेली. आई, मीरा तिचं नाव, कामणला एका गोदामात खोकी बांधायला लागली. तिथं सात-आठ बायकांत एक खोली, पोरीला जागा नाही. पोरगी कधी या मैत्रिणीकडे, कधी त्या मैत्रिणीकडे, मग शाळा सुटली, मग विरार स्टेशनवरच्या एका टोळक्याबरोबर दिसायला लागली. तिथून बालगृह आणि तिथून आमचं घर.

अँजेलिनाची तारांबळ बघण्यासारखी होती. शिकवणीत सांगितलं होतं की मुलांवर आपला धर्म लादायचा नाही, त्यांचा त्यांना पाळू द्यायचा. हिनं ते इतकं मनावर घेतलं की हिंदू पोरीचा उपवास असणार म्हणून सोमवारी घरात मासळी शिजेना. पोरगी मुकाट्यानं दुधीची भाजी खायची. शेवटी एकदा तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "अंकल, तुमच्यात सोमवारी मच्छी खात नाय का?" मी हसून हसून बेजार. त्या सोमवारी दोघींनी मिळून एवढे बोंबील तळले की मांजर घर सोडून जाईना.

हळूहळू ती रुळली. आमच्या घरातली बोली ऐकून तोंडावर हात ठेवून हसायची आणि आठवड्यानं तीच बोली उच्चारासकट माझ्यावर उलटवायची. शाळेत जायला लागली. थंडीत सुकेळ्यांचं काम निघालं तेव्हा तर तिनं मला बाजूलाच सारलं. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात घालायची, दिवस मावळला की एकेक गोळा करून चादरीत गुंडाळून घरात घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. घाई केली की केळं आतून आंबतं, विसरलं की दवानं भिजतं. अँजेलिनाचा हात याबाबतीत कडक आहे, मला ती मांडवाला शिवू देत नाही. उन्नतीला दिलं.

पण गावात कोणी विचारलं की उत्तर तेच. महापालिकेची. आता लोक थट्टेनं मुद्दाम विचारायचे आणि तीही मुद्दाम तेच सांगायची. अँजेलिना शेजारी उभी असली तर दुसरीकडे बघायची. मला माहीत होतं तिला काय ऐकायचंय. 'घंटेवाल्यांची.' बस, एवढाच शब्द. आई म्हण, मम्मी म्हण, असं तिनं कधीच म्हटलं नसतं. पण रात्री रोझरी झाल्यावर ती जरा जास्त वेळ डोळे मिटून बसायची, आणि तिचं मागणं काय असेल ते मला न विचारता कळायचं. खोटं कशाला बोलू, माझंही मागणं तेच झालं होतं.

मीरा महिन्यातून एकदा महापालिकेच्या कचेरीत येऊन मुलीला भेटायची, स्वप्नाच्या समोर. त्या दिवशी पोरगी परत आली की दोन दिवस कोणाशी धड बोलायची नाही. अँजेलिना म्हणायची, "नुसती रडवून जाते ती बाई." मी म्हणायचो, "आई आहे तिची." ती म्हणायची, "मी कुठं नाही म्हटलं?" पण भांडी जोरात आपटायची.

फेब्रुवारीत स्वप्ना म्हणाली, आता एक भेट घरी होऊ दे. मीराताईंना रविवारची सुट्टी मिळालीय, पत्ता सांगा. फोन नंबर अजून द्यायचे नाहीत, असा नियम होता. अँजेलिनानं पत्ता सांगितला, "अँजेलिना लोपीस, चर्चच्या मागे." मी शेजारीच होतो. मलाही काही खटकलं नाही. सरकारी माणसाला घंटेवाले वगैरे काय सांगायचं? घराचं नाव गावापुरतं, बाहेरच्याला त्याचा काय उपयोग, असंच वाटलं. स्वप्ना बरोबर येणार होती, पण शनिवारी तिला सणकून ताप भरला. तिनं कळवलं की मीराताईंना पत्ता दिलाय, त्या एकट्या येतील.

रविवारी उन्नतीनं नाताळातला निळा ड्रेस घातला आणि सकाळपासून फाटकाशी उभी राहिली. अँजेलिनानं कोंबडी केली, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, ठेवणीतल्या बश्या काढल्या. रिक्षा वाजली की पोरगी रस्त्यावर जायची आणि परत यायची. दुपार झाली. आम्ही तिला जेव म्हटलं, ती म्हणाली आई आल्यावर. उन्हं उतरली. मांडवावरची केळी गोळा करायची वेळ झाली तरी ती जागची हलली नाही, म्हणून अँजेलिनानं एकटीनंच केली. आधी ती म्हणत होती, "येईल गं." मग म्हणाली, "काही अडलं असेल." मग कोंबडीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. स्वप्नाचा फोन बंद.

मी वैतागून नाक्यावर गेलो. तिथं तळ्यावाल्यांचा ऑस्कर भेटला.

"मास्तर, तुमच्याकडे धुण्याभांड्याला बाई हवीय का?" तो म्हणाला. "दुपारी एक आलेली. आमच्या आईनं बाई सांगून ठेवलेली, आम्हाला वाटलं तीच. घर दाखवलं, पगार सांगितला, सगळ्याला हो म्हणाली. पण लक्ष काही कामात नाही, सारखी आत बघते. मग विचारते, घरात मुलगी नाही का? आई म्हणाली, बाय, माझ्या मुली लग्न होऊन गेल्या. तशी पायरीवरच बसली. पाणी प्यायली आणि उठून गेली."

ऑस्करच्या आईचं नाव अँजेलिना. अँजेलिना लोपीस. घर चर्चच्या मागेच.

"तिनं कोणाचं घर विचारलं होतं?" मी विचारलं.

"आईचंच नाव घेतलं. नाक्यावर पोरांनी विचारलं, काय काम आहे, तर म्हणाली, कामाला आलेय. म्हणून पोरांनी आमच्याकडे पाठवली. नंतर वडाखालच्यांकडे पण जाऊन आली म्हणे, आणि सुतारांकडे. डबा मात्र आमच्या पायरीवर विसरली. आता कुठं शोधायची तिला?"

म्हणजे तीन अँजेलिना झाल्या होत्या. चौथीच्या दाराशी यायच्या आधी ती दमली, किंवा तिचा धीर सुटला. 'माझी मुलगी इथं ठेवलीय' एवढं बोलली असती तर नाक्यावरच्या शेंबड्या पोरानंही हात धरून तिला आमच्या फाटकात आणून सोडलं असतं. महापालिकेची पोर कुठं राहते हे कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. पण पोटची मुलगी दुसऱ्याच्या घरी आहे, हे चार लोकांत सांगायची त्या बाईला लाज वाटली. धुणीभांडी सांगायची नाही वाटली.

मी ऑस्करला म्हटलं, डबा माझ्याकडे दे.

घरी आलो तर स्वयंपाकघरात दिवा लागला होता. उन्नती ओट्याला टेकून उभी होती. डोळे कोरडे होते, ओल्यापेक्षा वाईट.

"आंटी, स्वप्ना मॅडमना सांगा," ती म्हणत होती, "मला नाय जायचं तिच्याकडे. कधीच नाय. ती येनार म्हनते आणि येत नाय. आता कोणी विचारलं ना, तर मी सांगनार, मी घंटेवाल्यांची. मला इथंच राहायचंय."

अँजेलिनाचा हात तिच्या पाठीवर होता. बायकोचा तो चेहरा मी ॲल्रॉय जन्मला तेव्हा पाहिला होता, त्यानंतर नाही. आणि मी दारात त्या डब्याची पिशवी घेऊन उभा.

मी खुणेनं तिला मागच्या दारी बोलावलं. रिकाम्या मांडवापाशी उभं राहून सगळं सांगितलं. तिनं डबा हातात घेतला. झाकण उघडलं नाही.

"ऑस्करला कळलंय, ती कोण?" तिनं विचारलं.

"नाही. कोणालाच नाही."

माझ्या डोक्यात काय आलं ते सांगायला मला संकोच नाही, कारण तिच्याही डोक्यात तेच होतं. डबा माळ्यावर टाकला असता, तर ती पोर आमची होती. आम्ही काही वाईट केलं नव्हतं. बाई आली नाही, एवढंच तिला माहीत होतं, आणि तेवढंच राहिलं असतं.

"ऐकलंत ना, काय म्हणाली ती?" अँजेलिना म्हणाली.

"ऐकलं."

"किती दिवस वाट बघितली मी त्या शब्दाची." तिनं गाऊनच्या बाहीनं डोळे पुसले, मग त्याच बाहीनं डब्यावरची धूळ पुसली. "पण असा रागावून दिलेला नको. उद्या तिला कळलं तर तो शब्दही जाईल आणि आपणही जाऊ."

ती आत गेली. डबा उन्नतीच्या पुढ्यात ठेवला. "तुझी आई आली होती. दुपारीच आली होती. तीन घरं फिरली. पत्ता मी नीट सांगितला नाही, चूक माझी आहे."

पोरीनं डब्याकडे पाहिलं. त्या डब्याच्या झाकणाला एक पोचा होता, त्यावरून तिचं बोट फिरलं. मग तिनं झाकण काढलं. घावणे होते, घडी घातलेले, थंड होऊन एकमेकांना चिकटलेले. बाजूला ओल्या खोबऱ्याची चटणी, जराशी आंबलेली. तिनं तिथंच जमिनीवर बसकण मारली आणि सगळे खाल्ले. आम्हाला एकही विचारला नाही. अँजेलिना तिच्यासाठी पाणी घेऊन शेजारी बसून राहिली. आमची कोंबडी तशीच थंड झाली.

सकाळी स्वप्नाचा फोन लागल्या लागल्या तिला विचारून आम्ही तिघं रिक्षानं कामणला गेलो. गोदामाच्या फाटकावर निरोप दिला. मीरा बाहेर आली, मनगटात चिकटपट्टीचं भेंडोळं अडकवलेलं तसंच. पोरीला बघून ती थबकली. उन्नती धावत गेली आणि मला वाटलं मिठी मारेल, तर तिनं आईच्या दंडावर जोरात फटका मारला.

"माझं नाव सांगता येत नव्हतं तुला?"

"मला वाटलं, तुला कमीपना येईल तिथं," मीरा म्हणाली. मग दोघी रडल्या. त्या भेंडोळ्याचं टोक सुटून पोरीच्या वेणीला चिकटलं. अँजेलिनानं पुढं होऊन ते हलक्या हातानं सोडवलं आणि परत माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

त्यानंतर भांडी आपटणं बंद झालं. मीरा रविवारी घरी येऊ लागली, नीट घंटेवाल्यांचं घर विचारत. अँजेलिनाच तिच्यासाठी फुलपाड्यात खोली बघत फिरली, ओळखीच्या बायकांना गाठून. मी म्हटलं, आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेतेस. ती म्हणाली, "पाडून घेऊ दे." शाळा सुरू व्हायच्या सुमाराला बालकल्याण समितीचा हुकूम आला, मुलीनं आईकडे परत जायचं. ज्या दिवशी उन्नती गेली, त्या दिवशी तिनं फाटकापर्यंत मांजराशीच गप्पा मारल्या आणि रिक्षात बसल्यावर मागं वळून पाहिलं नाही. अँजेलिना म्हणाली, "बरं झालं." मग दुपारभर खोलीचं दार लावून घेतलं.

स्वप्नानं सांगितलं होतं, काही महिने भेटू नका, तिला आईपाशी रुळू द्या. आम्ही रुळू दिलं. घरात तिचा एक कंगवा राहिला होता, अँजेलिना तो दर आठवड्याला धुवायची. बाकड्यावरचे म्हातारे विचारायचे, "मास्तर, महापालिकेची कुठंय?" मी त्यांच्यावर खेकसायचो. स्वप्नानं दुसऱ्या मुलाबद्दल विचारलं, अँजेलिना म्हणाली, थांबा जरा. उन्नतीनं कुठल्या रविवारी फोन केला नाही, आम्हीही केला नाही. मला वाटायचं, विसरली असेल. विसरावंच. योजनेत तेच तर लिहिलंय. आणि तरी फाटक वाजलं की आम्ही दोघंही एकदम मान वर करायचो आणि एकमेकांना न दिसल्यासारखं करायचो.

पुन्हा थंडी आली. सुकेळी झाली. अँजेलिनानं केळीच्या वाळक्या पानात एक पुडा बांधला, कोणासाठी ते बोलली नाही. मी स्वप्नाला फोन केला. ती हसून म्हणाली, "जा की सर, आता हरकत नाही."

फुलपाड्यातली ती इमारत जुनी, लांब गॅलऱ्यांची. दुसऱ्या मजल्यावर खोलीला कुलूप. शेजारची बाई गॅलरीत लसूण सोलत बसली होती. आमच्या वयाकडे, अँजेलिनाच्या गळ्यातल्या क्रुसाकडे, पुड्याकडे बघून तिनं विचारलं, "कोण पाहिजे?"

"मीराबाई. आणि उन्नती."

"मीरा ड्युटीला गेलीय. पोरगी येईल आता शाळेतून." मग तिनं लसणाची सुपली बाजूला ठेवली. "तुम्ही त्यांचे कोण?"

मी मराठी शिकवण्यात जन्म घालवला. मामा, मावशी, आत्या, काका, सगळी नाती पोरांकडून पाठ करून घेतली. त्या बाईपुढं मला एकही सुचेना. नातेवाईक म्हणावं तर खोटं. ओळखीचे म्हणावं तर जीभ रेटेना. मी अँजेलिनाकडे पाहिलं. तिनं पुडा छातीशी धरला होता.

"आम्ही," ती अगदी हळू म्हणाली, "आम्ही महापालिकेकडून आलोय."

"चौकशीला होय?" बाईचा चेहरा लगेच सावध झाला.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. उन्नती दप्तर घेऊन वर आली, बोटभर उंच झालेली, वेणी तशीच घट्ट. आम्हाला बघून ती जिन्याच्या तोंडाशीच थांबली. अँजेलिनाचं शेवटचं वाक्य तिनं ऐकलं होतं, कारण तिची हनुवटी तशीच वर आली, जशी वाण्याच्या दुकानात आली होती.

"नाय ओ काकी," ती म्हणाली, "महापालिकेची नायत ती. माझी माणसं हायत."

मग ती पुढं आली आणि अँजेलिनाच्या हातातून पुडा घेतला. सवयीनं वास घेतला. "चांगली सुकलीत," ती म्हणाली, आणि गळ्यातल्या किल्लीनं दार उघडून आम्हाला आत घेतलं.